मागच्या पानावरच्या रेघा

"बेटा, गरम डब्यातली सुई सकाळी जागेवर नाही राहत," निखाडे काकाजी दारात उभे राहून म्हणाले.

माझ्या एका कानाला फोन होता आणि समोर अर्धवट लिहिलेली ईमेल. फोनवर पराग सर होते, आमचे मालक, आणि मालकाचा फोन असला की आपण फार महत्त्वाचे आहोत असं मला त्या वयात वाटायचं. मी फोनवर हात ठेवला.

"किती सरकते?"

"एखादी रेघ. तीन दिवसांत दोनदा मले कडी फिरवा लागते. थंड डब्यातली नाही करत तशी."

"सुरुवातीला होतं तसं, काकाजी. बसतंय अजून सगळं."

"सुरवातीले? सव्वा महिना होऊन राहिला."

"एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्यानं काय होतं? तुम्ही शून्य करा आणि माप घ्या."

"ते त करतोच," काकाजी म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवला, आणि गेले. मी पुन्हा फोन कानाला लावला. तो दिवस नऊ जानेवारीचा होता. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची आहे, तरी तारीख मला पाठ आहे, आणि ती पाठ असण्याचं कारण माझी स्मरणशक्ती नाही.

आमचा कारखाना बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत होता. कारखाना म्हणायचं आपलं, एक मोठी शेड, मागे चाचण्यांची खोली, आणि पुढे पराग मोहरील सरांची काचेची केबिन. आम्ही ई-रिक्षांच्या बॅटऱ्या बनवायचो. मी सव्वीस वर्षांची, वर्ध्याची, पुण्याहून एम.टेक. करून आलेली, आणि हे शेवटचं मी कोणाला विसरू देत नसे. चाचण्यांची खोली माझ्या ताब्यात होती.

बॅटरीच्या आत सपाट पाकिटं असतात, कंपासपेटीएवढी आणि आठ मिलिमीटर जाड. अशी बारा पाकिटं एकाला एक लावून पत्र्याच्या चौकटीत बसवायची. चार्ज करताना लिथियम एका थरातून निघून समोरच्या ग्रॅफाइटच्या थरात शिरतो, आणि ग्रॅफाइट फुगतो. रिक्षा चालवली की तो परत निघतो, आणि पाकीट खाली बसतं. रोज फुगायचं, रोज बसायचं, असा त्यांचा संसार. चौकटीत त्यासाठी जागा ठेवावी लागते. कमी ठेवली तर आतले थर एकमेकांना चिरडतात, जोड तुटतात, आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

किती जागा ठेवायची, हा माझा प्रश्न होता. आणि आमच्या पहिल्या चाळीस बॅटऱ्या जाणार होत्या चंद्रपूरला, बचत गटाच्या बायकांच्या रिक्षांना. चंद्रपूरचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. तिथे सावलीत पारा सेहेचाळीसवर जातो, रिक्षाच्या सीटखाली किती होत असेल ते देव जाणे. म्हणून आम्ही दोन कपाटं लावली होती, एकाच्या आत पंचवीस अंश, दुसऱ्याच्या आत पंचेचाळीस. काकाजींनी त्यांना थंड डबा आणि गरम डबा अशी नावं ठेवली. प्रत्येक डब्यात पोलादी पट्टीखाली एक पाकीट, आणि पट्टीवर डायल टेकवलेला. पाकीट फुगलं की पट्टी उचलायची आणि डायलवरची सुई फिरायची, एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

ही सुई वाचायचं काम काकाजींचं होतं. रामकृष्ण निखाडे, वय त्रेसष्ट. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. पराग सर स्वतः घरी जाऊन त्यांना घेऊन आले होते. लोखंडाच्या दोन तुकड्यांवरून बोट फिरवून कुठला एक रेघ जाड आहे ते काकाजी सांगायचे, आणि मायक्रोमीटर लावला की तेच निघायचं. शेडमध्ये वाद झाला की लोक म्हणत, "काकाजीनं मोजलं का? मग झालं." त्या माणसाकडे अभिमान धरावा असं हे एकच होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. "हात अन् डोळा आहे तोवर यीन," ते सरांना म्हणाले होते. "ज्या दिवशी डोळा चुकला त्या दिवशी सांगजा, मी आपला घरी जाईन."

त्यांचे दोन नियम होते. पहिला, कुठलीही नवी वही उघडली की पहिल्या पानावर वरती 'श्री' लिहायचं, खाली आपलं नाव, आणि मगच पुढचं पान. दुसरा, मोजायच्या आधी शून्य करायचा. हा त्यांच्या उस्तादाने त्यांना कान पिळून शिकवलेला होता. सकाळी आठला पाकीट रिकामं होऊन शांत बसलेलं असायचं. काकाजी फ्लॅनेलच्या फडक्याने डायलची काच पुसायचे, नखाने दोनदा टिचकी मारायचे, आणि बाहेरची कडी हळूच फिरवून शून्य बरोबर सुईच्या टोकाखाली आणायचे. मग चार्जिंग सुरू. बुधवारच्या बाजारातसुद्धा ते भाजीवाल्याला आधी रिकामा काटा दाखवायला लावत. आम्ही चिडवायचो, "काकाजी, सासरी जेवायला बसलात तरी आधी ताट शून्य करत असाल." ते हसून म्हणत, "काहून नाही? ज्याचा शून्य खोटा, त्याचं सारंच खोटं."

फेब्रुवारीच्या शेवटी मी अहवाल लिहिला. नव्वद दिवस, दिवसाला दोन वेळा चार्ज. थंड डब्यातलं पाकीट रोज वीस रेघा फुगत होतं आणि वीस रेघा बसत होतं. गरम डब्यातलं एकोणीस. म्हणजे उन्हाने काही फरक पडत नव्हता. बारा पाकिटांना मिळून अडीच मिलिमीटर जागा लागत होती, मी तीन ठेवली. खाली सही केली, 'मंजिरी धाबेकर', आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या. पराग सरांनी पेढे आणले. मार्चमध्ये चाळीस बॅटऱ्या गेल्या.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपूरहून फोन आला. सहा बॅटऱ्यांच्या चौकटी वाकल्या होत्या. चार दिवसांनी दुसरा फोन. एक बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना धूर सोडू लागली, आणि ज्या पत्र्याच्या शेडमध्ये रिक्षा होत्या ती शेड तीन रिक्षांसकट जळाली. दुपारची वेळ होती, आत कोणी नव्हतं. तेवढं एक बरं झालं असं सगळे म्हणाले. बचत गटाने चाळीसच्या चाळीस रिक्षा उभ्या केल्या.

त्या दिवशी काकाजी पुतण्याच्या लग्नाला काटोलला गेले होते. मी एकटीच चाचण्यांच्या खोलीत आले. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं, आत कूलर नुसता दमट वारा फेकत होता. दोन्ही डबे अजून चालू होते, ते बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मी गरम डब्यातलं पाकीट काढलं आणि मायक्रोमीटर लावला.

आठ पूर्णांक ब्याऐंशी. वही सांगत होती की रिकामं पाकीट शून्यावर आहे. हातातलं पाकीटही रिकामंच होतं, आणि ब्याऐंशी रेघा वाढलेलं होतं.

मी खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्याच मला कळलं. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलाची उंची मोजायला रोज सकाळी नवी पट्टी घ्यावी आणि तिचा शून्य त्याच्या डोक्यावर ठेवावा, असं आम्ही केलं होतं. दिवसभराचं फुगणं-बसणं आम्ही बिनचूक मोजलं होतं. पण उष्णतेत ग्रॅफाइटच्या कणांवर दुधावर धरते तशी साय धरते, ती दिवसागणिक जाड होते, आत थोडा वायू साठतो, आणि हे काही परत बसत नाही. एका दिवसात त्याची पुरती रेघसुद्धा भरत नाही. सकाळी शून्य केला की तेवढंही पुसलं जायचं. नव्वद दिवस आम्ही रोज सकाळी फडक्याने काच पुसून, टिचकी मारून, शास्त्रशुद्ध पद्धतीने ते पुसत होतो.

टूलरूममध्ये काकाजींचा नियम सोळा आणे खरा होता. तिथे लोखंड मोजतात, आणि लोखंड रातोरात वाढत नाही. हे पाकीट लोखंड नाही, हे माहीत असायचं काम माझं होतं. त्यासाठीच मला ठेवलं होतं.

मग मी वही काढली. शंभरपानी वही, मध्ये दोन पिना मारलेली. काकाजींचे आकडे छापल्यासारखे. पानं उलटत मी शेवटपर्यंत गेले, आणि अगदी शेवटच्या पानावर, जिथे पोरं पेन चालतं का ते बघतात, तिथे मला रेघा दिसल्या.

पानाचे उभे दोन भाग केले होते. एकावर 'थंड', दुसऱ्यावर 'गरम'. खाली तारखा, आणि तारखेपुढे पेन्सिलीची उभी रेघ. ज्या सकाळी कडी एक रेघ फिरवावी लागली त्या सकाळची एक रेघ. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं, तरी त्या माणसाने आपण जे पुसलं ते सगळं मागे लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थंडच्या खाली नऊ रेघा होत्या, गरमच्या खाली अठ्ठावन्न. पुढे मेपर्यंत त्या चालूच होत्या. मी सगळ्या मोजल्या. ब्याऐंशी.

उन्हाने पाकीट कसं वाढतं त्याचा आख्खा आलेख त्या पानावर होता. आणि गरमच्या खान्यात, नऊ जानेवारीपुढे, रेघेच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडमले सांगतलं. म्हणे बसून राहिलं.'

मी ते तीनदा वाचलं. मला आधी राग आला, काकाजींचा राग. कशाला लिहायचं माणसाने असं? मग भीती वाटली, आणि ती शरमेपेक्षा खूप मोठी होती. मी वाईट बाई आहे असं मला त्या दुपारी वाटलं नाही. आपण थोडा वेळ मिळवतोय एवढंच वाटलं. सुरीच्या टोकाने मी वहीच्या पिना उचकटल्या, शेवटचं पान सोडवलं, पिना पुन्हा दाबून बसवल्या. पिनेच्या वहीत शेवटचं पान पहिल्या पानाला जोडलेलं असतं, हे मला ते हातात आल्यावर कळलं. जोडपानाच्या दुसऱ्या अंगावर लिहिलं होतं, '॥ श्री ॥' आणि खाली 'रा. कृ. निखाडे.' मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

चौकशी सोमवारी होती. सकाळी काकाजी लग्नाचा बुंदीचा लाडू घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"घे. तोंड काहून सुकलं तुझं?"

"काकाजी, आज ते साहेब येणार आहेत."

"येऊ दे नं. घाबरतं कायले? आपण काही लपवलं का? वहीत सारं हाये." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खाऊन घे आधी."

मी लाडू खाल्ला. त्यांच्यासमोर नाही म्हणता आलं नाही.

ग्राहकांकडून आलेले साहेब शांत होते, ओरडणारे नव्हते, आणि त्यामुळेच सगळं जास्त कठीण गेलं. केबिनमध्ये आम्ही चौघं. पराग सरांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मी बोलायला सुरुवात केली, सराईतासारखी. गरम डब्यातलं पाकीट ब्याऐंशी रेघा वाढलंय, रोज शून्य केल्याने ही वाढ नोंदीत आली नाही, फेब्रुवारीत ती अठ्ठावन्नच्या आसपास असावी. सुरुवातीला भरभर, मग सावकाश. मी आलेखही काढून आणला होता.

"हे मधले आकडे कुठून काढले?" साहेबांनी विचारलं.

"उलट हिशेब केला," मी म्हणाले.

"छान काम आहे," ते म्हणाले. मग काकाजींकडे वळले. "रोज शून्य कोण करत होतं?"

"मी जी."

"तसं करायला कोणी सांगितलं होतं?"

"सांगा कायले लागते? मोजाच्या आधी शून्य करतेच माणूस."

"सुई पुढे सरकते हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं."

"मग?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात आरोप नव्हता. आता तू बोल, एवढंच होतं, एखाद्याने वजनाचं दुसरं टोक उचलायला सांगावं तसं. मी आलेखाकडे पाहत राहिले. मी बोलत नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मी लिवून ठेवत होतो," ते अखेर म्हणाले. "मांगच्या पानावर. जितक्या रेघा फिरवल्या तितक्या सगळ्या तिथं हायेत."

साहेबांनी वही उघडली. शेवटचं पान कोरं होतं. त्याच्या आधीचंही.

"इथे तर काही नाही."

"असन. पाहा नं नीट."

"तुम्हीच दाखवा."

काकाजींनी वही घेतली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. शेवटचं पान पाहिलं, त्याआधीची चार पाहिली, वही उलटी धरून पाहिली. मग त्यांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला. तिथे थेट एक डिसेंबरचे आकडे होते. बराच वेळ ते त्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेकडे पाहत होते. एव्हाना त्यांना कळलं असणार असं मला वाटलं. पण जो माणूस चौतीस वर्षं दुसऱ्याचं माप पडताळत आला, त्याच्या डोक्यात माणसाबद्दलचा संशय शिरला नाही. शिरला तो स्वतःबद्दलचा.

"श्री नाही लिहिलं मी," ते पुटपुटले. "वही चालू केली अन् श्रीच नाही लिहिलं?"

"निखाडेजी, राहू द्या," पराग सर हळू आवाजात म्हणाले.

"नाही जी, मी तर..." काकाजींनी वही मिटून टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, कडा टेबलाच्या कडेला समांतर. "मंग माझ्याकडूनच झालं असन," ते म्हणाले.

अहवालात तसंच गेलं. 'मोजमाप करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जुन्या सवयीमुळे झालेली चूक.' पराग सर भला माणूस होता, त्यांनी काकाजींना जा असं म्हटलं नाही. म्हणावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काकाजी आले, फ्लॅनेलचं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलं, डायल त्यांच्या लाकडी पेटीत ठेवले, आणि वही मागून घेतली. "घरी नीट पाहतो एकदा," मला म्हणाले. मला ती द्यायची नव्हती, पण न द्यायला कारण काय सांगणार? त्यांनी ती पिशवीत घातली, आणि सायकल हातात धरून चालत गेले. टायर पंक्चर नव्हतं, तरी चालत गेले.

कारखाना दिवाळीपर्यंतही टिकला नाही. चाळीस बायकांना दुसऱ्या बॅटऱ्या द्यायचं आमचं बोलणं बोलणंच राहिलं. मला मात्र लगेच पुण्यात नोकरी लागली, त्या आलेखाच्या जोरावर. तापमान आणि पाकिटाचं कायमचं फुगणं यावर मी नंतर तो आलेख दोन ठिकाणी छापला, चार ठिकाणी मांडला. लोक विचारायचे, रोजचा शून्य होत असताना इतकी बारीक वाढ तुम्ही पकडली कशी? मी सांगायचे, उलट हिशेब केला. एकदा खोटं बोललं की ते सांभाळायला फार अक्कल लागते असं म्हणतात. मला काही लागली नाही. कोणी तपासलंच नाही.

चार वर्षांनी मी मावसबहिणीकडे बुटीबोरीला आले होते. बुधवार होता, म्हणून तिच्याबरोबर बाजारात गेले. ती बांगड्यांपाशी रेंगाळली आणि मी पुढे आले, तर एका भाजीच्या गाडीपाशी काकाजी. शर्ट तसाच स्वच्छ, पण आतला माणूस अर्धा झालेला. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला होता.

"मंजिरी नं तू?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पळून जावंसं वाटलं. "केव्हा आली? लग्न झालं का? मोठी साहेबीण झाली म्हणतात तू."

मी काहीबाही उत्तरं दिली. मुलगा हैदराबादला बोलावतो पण जावंसं वाटत नाही, असं ते म्हणाले. काम कुठे करत नाही. शेजारचा सुतार माप घ्यायला बोलवायचा, त्यालाही नाही सांगितलं.

"का हो काकाजी?"

"भरोसा नाही राह्यला, बेटा. डोळ्याचा नाही, डोक्याचा नाही." मग ते जवळ आले आणि आवाज खाली घेतला, कोणी ऐकेल की काय अशा बेताने. "एक विचारू का? तूच एक सांगू शकते. मी ते कडी फिरवल्याच्या रेघा मांगच्या पानावर लिहीत होतो असं मले पक्कं वाटे. घरी जाऊन चार-चारदा पाहिलं, पानच नाही. श्री पण नाही. ते बी विसरलो म्हणजे पाहा. पण तुले सांगतलं होतं असं मले आठवते. तू फोनवर होती. मी दारात होतो. सांगतलं होतं का मी तुले? का ते बी माझ्या मनाचंच?"

पर्स माझ्या खांद्यावर होती. पान त्या पर्समध्ये नव्हतं, पुण्याला कपाटात होतं, त्याच्या घड्या मी पाठ केल्या होत्या. चार वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की कधी ते भेटलेच तर सांगून टाकायचं. पाय धरायचे, आणि सांगायचं. नोकरी गेली तर गेली. आणि आता ते समोर उभे होते, विचारत होते, एक 'हो' म्हटलं असतं तरी त्या माणसाला त्याचा डोळा आणि डोकं परत मिळालं असतं. दुसरं काही त्यांना नकोच होतं.

"नाही काकाजी," मी म्हणाले. "मला तरी आठवत नाही."

 त्यांनी मान हलवली, सावकाश.

"हाव," ते म्हणाले. "तसंच असन मग. तू कायले खोटं बोलशीन." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मनाले लावून नको घेऊ हो. मी आपलं विचारलं."

मग ते भाजीवाल्याकडे वळले. "दे रे, एक किलो टमाटे."

भाजीवाल्याने टोपली जवळ ओढली. त्याचा काटा आता विजेवरचा होता, लाल आकड्यांचा. रिकाम्या पारड्यावर चाळीस ग्रॅम दिसत होते. काकाजींचं तिकडे लक्ष गेलं. त्यांचा हात सवयीने पुढे झाला, बोट अर्ध्यावर आलं, आणि पुन्हा मागे गेलं. भाजीवाल्याने टमाटे टाकले, किलो भरलं, काकाजींनी पिशवी पुढे केली.

मीही तो आकडा पाहिला होता. मीही काही बोलले नाही.